सोलापूरच्या ओस वास्तू

सोलापूरला येणारा पाहुणा सिद्धेश्वर तलावाकाठी थोडा वेळ थांबतो, भुईकोट किल्ल्यात चक्कर मारतो, शेंगाचटणी आणि चादरी घेतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. ते सगळे पाहण्यासारखे आहेच. पण या शहरात आणखी एक सोलापूर आहे, ज्याला तिकीट नाही आणि फलकही नाही. बंद गिरण्यांच्या लांबच लांब भिंती, कुलूप लागलेल्या चाळी, जुन्या पेठांतले माळवदाचे वाडे, थांबलेल्या यंत्रमागांच्या शेड. गेली नऊ वर्षे आम्ही हे सोलापूर पायी फिरून पाहत आहोत आणि त्याचे फोटो काढत आहोत.

आम्ही म्हणजे एकाच घरातली चार माणसे: दोघे भाऊ, आमची बहीण आणि तिचा मुलगा. आमची पद्धत साधी आहे. डिसेंबरातला शेवटचा रविवार ठरलेला. फजरनंतर चहा घेऊन निघायचे आणि जुहरपर्यंत परतायचे. दर वर्षी त्याच जागा, त्याच कोनातून, शक्यतो त्याच उजेडात. एका वर्षाचा फोटो पाहिला तर नुसती पडकी भिंत दिसते. नऊ वर्षांचे फोटो ओळीने मांडले की ती भिंत पडते कशी आणि का, ते दिसू लागते. या लेखात सांगायचे आहे ते त्या ‘का’बद्दल.

सुरुवात गिरण्यांपासून करू, कारण आजचे सोलापूर गिरण्यांनी घडवले. मोरारजी गोकुळदास या मुंबईच्या व्यापाऱ्याने उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. मागाहून दुसऱ्या गिरण्या आल्या, तेव्हा लोक हिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मुरारजी पेठ हे नाव त्याच मोरारजींचे. १८७६ ते १८७८ या दुष्काळाने या भागातला शेतकरी आणि हातमागवाला दोघेही मोडून पडले होते. गिरणीला कापूस जवळ मिळाला आणि माणसेही मिळाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. पद्मशाली, लिंगायत, मराठा, दलित, मोमीन अशा सगळ्या समाजांची माणसे एकाच भोंग्यावर उठू लागली.

आमचे दादा जुन्या मिलच्या साचाखात्यात होते. आमच्या दादीजान सांगत, रमजानात सहरीसाठी घड्याळ लागत नसे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी किती वेळ उरला आहे, हे पेठेतल्या बायकांना अंगवळणी पडले होते. पण त्या दिवसांची गोडी सांगताना त्या हेही सांगत की दादांच्या केसांत कापसाचा भुगा कायम असे आणि रात्री खोकला थांबत नसे. ओस गिरणीसमोर उभे राहिले की जुने ते सगळे सोन्याचे होते असे वाटू लागते. तसे ते नव्हते. पगार तुटपुंजे होते, बदली कामगाराला रोज दाराशी उभे राहून आज काम मिळेल का ते पाहावे लागे. हे विसरून काढलेला फोटो अर्धाच असतो.

याच गिरणी कामगारांच्या शहराने १९३० च्या मे महिन्यात इंग्रज सरकारला हादरवले. गांधीजींच्या अटकेची बातमी येताच सोलापूर रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि सरकारने शहरात मार्शल लॉ पुकारला. त्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ हे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. ऐन विशीतले तरुण. आज त्या चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत. पण ज्या गिरण्यांच्या दारांत ते कामगारांशी बोलत, त्या दारांची आठवण ठेवायला शहरात फारसे काही उरलेले नाही.

जुन्या मिलचा शेवट कसा झाला, ही गोष्ट वकिलीच्या विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापनाने गिरणी बंद केली. हजारो कामगार घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि त्यामागोमाग कायदा केला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चरणजितलाल चौधरी यांच्या अर्जावर डिसेंबर १९५० मध्ये निकाल झाला, द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यावर डिसेंबर १९५३ मध्ये. पहिल्यात सरकारची बाजू टिकली, दुसऱ्यात भागधारकाची. घटनेच्या अभ्यासात हे दोन्ही निकाल आजही शिकवले जातात. नफा कुणाचा, ताबा कुणाचा, नुकसानभरपाई कुणाला, यावर थोर न्यायमूर्तींनी विचार केला. त्यानंतरही गिरणीला स्थैर्य आले नाही आणि पुढच्या दशकात ती कायमची थांबली. एकेक करून बाकीच्या मोठ्या गिरण्याही बंद पडल्या. जुन्या मिलच्या आवारात आज नवी बांधकामे उभी आहेत. आमच्या नातवंडांना ‘जुनी मिल’ हा फक्त पत्त्यातला शब्द वाटेल.

आता फोटोंकडे येऊ. एका बंद गिरणीची रस्त्याकडची भिंत आम्ही नऊ वर्षे टिपली आहे. आत जाण्याची परवानगी नाही, म्हणून सगळे फोटो रस्त्यावरूनच. पहिल्या वर्षी तिसऱ्या खिडकीच्या उंबऱ्यावर पिंपळाचे रोप दिसते, करंगळीएवढे. पाखरांच्या विष्ठेतून बी पडते आणि विटांच्या सांध्यात रुजते. चौथ्या वर्षी त्याचे खोड मनगटाएवढे झाले आणि खिडकीच्या कमानीत केसासारखी चीर आली. सातव्या वर्षी कमानीच्या मधल्या दोन विटा खाली होत्या. मागच्या डिसेंबरात खिडकी राहिली नव्हती, एक भगदाड होते आणि त्यातून झाड बाहेर डोकावत होते. हिरवे, तजेलदार. फोटो फार छान आला. आमची बहीण तो पाहून म्हणाली, “झाडाला दोष देऊ नका, पहिल्या वर्षी एका माणसाने पाच मिनिटांत उपटले असते.”

तिचे म्हणणे सगळ्याच वास्तूंना लागू पडते. वास्तू पडण्याचा एक क्रम असतो आणि तो बहुधा ठरलेला असतो. आधी माणसे जातात. मग यंत्रे भंगारात जातात. मग छताचे पत्रे, लोखंड, सागवानी दारे-खिडक्या जातात, कारण त्यांना बाजारात भाव असतो. छत गेले की भिंतीच्या माथ्यावर पाणी पडू लागते. ते आत मुरते, चुना धुऊन नेते, भिंतीला पांढरी लोणी फुटते, प्लास्टर पोपडे धरते. मग झाड येते. सोलापुरात पाऊस कमी, म्हणून हे सगळे सावकाश होते. कोकणात जी भिंत दहा वर्षांत गेली असती ती इथे तीस वर्षे तग धरते आणि लोकांना वाटते की ती मजबूत आहे.

माळवदाच्या घरांची गोष्ट मात्र वेगळी. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो: माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. जाड भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडे आणि फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात बाहेर ४३ अंश असले तरी आत माठाजवळ बसल्यासारखे वाटते. छताला उजेडासाठी एक भोक ठेवलेले असते, त्याला जुनी माणसे साणे म्हणतात. हे छत शंभर वर्षे टिकते, पण एका अटीवर: दर वर्षी मृगाच्या आधी वर चढून गवत काढायचे, नवी माती पसरायची, ती धोपटायची आणि पन्हाळी मोकळ्या करायच्या. एक वर्ष चुकले तर छत गळते. दोन-तीन वर्षे चुकली तर तुळई कुजते.

आमच्या आजोळच्या नात्यात असाच एक वाडा आहे. पेठेचे नाव सांगत नाही. आमच्या अम्मीच्या काकांचा तो वाडा, आठ खणांचा. ते वारले, त्यांच्या पत्नी आधीच गेलेल्या. मागे तीन मुलगे आणि दोन मुली, म्हणजे आमचे तीन मामू आणि दोन खाला. शरीअतचा हिशेब शाळेतले पोरही करील: भावाला दोन, बहिणीला एक, एकूण आठ भाग. तीन भावांचे सहा, दोन बहिणींचा एकेक. योगायोग पाहा, वाड्याचे खणही आठच.

पण हिशेब सोपा असला म्हणजे वाटणी सोपी असते असे नाही. भावांचे म्हणणे पडले की बहिणींना लग्नात सगळे दिले आहे, त्यांनी हिस्सा माफ करावा. धाकट्या खाला तयार झाल्या. थोरल्या खाला म्हणाल्या, “माफ करायचे की नाही ते मी ठरवीन. आधी माझे आहे एवढे तर लिहा.” कुणी लिहीना. वाड्याला कुलूप लागले. किल्ली कुणाकडे असावी यावरूनही एक वर्ष गेले. माळवदावर माती कोण टाकणार? जो टाकील तो ताबा सांगेल, अशी प्रत्येकाला भीती. म्हणून कुणीच टाकली नाही.

आमच्या रविवारच्या फेरीत हा वाडाही होता. समोरच्या घराच्या गच्चीवरून त्या घरमालकांच्या परवानगीने आम्ही फोटो काढत असू. पहिल्या वर्षी माळवदावर गुडघाभर वाळलेले गवत. दुसऱ्या वर्षी पुढच्या भिंतीवर ओलीचा काळा डाग, पन्हाळीखालून थेट उंबऱ्यापर्यंत. तिसऱ्या वर्षी छताला मध्यभागी खोलगट भाग, झोळीसारखा. त्या पावसाळ्याआधी महानगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दाराला चिकटली होती. फोटोत तीही आहे. चौथ्या वर्षी पुढचे पाच खण जमिनीवर होते. देवाच्या कृपेने रात्र होती, गल्लीत कुणी नव्हते.

त्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले होते. शीरखुर्मा झाल्यावर आमच्या भाच्याने ते चार फोटो छापून आणलेले दाखवले. सतरंजीवर ओळीने मांडले, काही न बोलता. मधले मामू बराच वेळ तिसऱ्या फोटोकडे पाहत होते. त्या झोळीसारख्या छताखालीच त्यांचा जन्म झाला होता. मग थोरल्या खाला म्हणाल्या, “तुम्ही माझा एक हिस्सा अडवून बसलात. पावसाने सातही नेले.”

त्या दिवशी भांडण झाले नाही. झाले ते एवढेच की आठव्या दिवशी तिन्ही भाऊ वकिलाकडे गेले. नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर पाचही वारसांची नावे लागली. रीतसर वाटणीपत्र झाले. नावे लागल्यावर धाकट्या खालांनी आपला हिस्सा खुशीने एका भावाला दिला. थोरल्या खालांनी ठेवला. मागचे तीन खण उभे होते, त्यांवरची माती उतरवून पत्रे टाकले. तिथे आता खालांची सून शिलाईची दोन मशीन चालवते. पुढचे पाच खण गेले ते गेलेच. त्यांचे सागवान विकून दुरुस्तीचा काही खर्च निघाला. आमच्या पाचव्या फोटोत मागच्या दारात वाळत घातलेले कपडे दिसतात.

हे वाचून कुणी म्हणेल, एका कुटुंबाची गोष्ट. पण आपल्या पेठांतून एक फेरी मारून पाहा. प्रत्येक ओस वाड्यामागे विचारले की बहुतेक एकच उत्तर मिळते: “वारसांत मिटत नाही.” गिरणी आणि वाडा यांत पैशाचा फरक असेल, पण गोष्ट तीच आहे. ताब्यासाठी भांडणारे पुष्कळ होते, छतावर चढून पन्हाळी मोकळी करणारा कुणी नव्हता.

उलटी उदाहरणेही याच शहरात आहेत. भुईकोट किल्ला पाहा. दुहेरी तटाचा हा किल्ला बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल अशा सगळ्यांच्या हातांतून गेला. चांदबीबीच्या लग्नात निजामशाहीने तो विजापूरला आंदण दिला, हे तर इतिहासाच्या पुस्तकात येतेच. सत्ता सगळ्या गेल्या. तट उभा आहे, कारण आज तो पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीत आहे. इंद्रभुवन ही वारदांची देखणी इमारत टिकली, कारण तिथे महानगरपालिकेचे कार्यालय आले आणि इमारतीत माणसांची ये-जा राहिली. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर पाहा. सोलापूरचा हा मुलगा चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिथेच वारला. त्यांच्या घराचे दुरुस्ती करून स्मारक झाले, ते २०१२ साली खुले झाले. तिन्ही ठिकाणी जबाबदारी कुणाची ते ठरलेले आहे, एवढाच फरक.

फोटोंचा उपयोग काय, असे आम्हाला नेहमी विचारतात. शंभर किलोमीटरवरच्या विजापूरचेच उदाहरण घ्या. १८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या अधिकाऱ्याला जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याच्या कामावर नेमले. कॅमेरा तेव्हा नवा होता. त्यांनी विजापूरच्या मशिदी, मकबरे आणि महाल टिपले. त्या काळी त्यांतल्या कित्येक वास्तू ओस होत्या, भिंतींवर झाडे होती. पुढे ते फोटो पुस्तकरूपाने निघाले. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर पडला, हे पाहायला असे जुने फोटो आजही कामी येतात. आणखी एक उदाहरण जर्मनीतल्या बेखर दांपत्याचे. बर्न्ड आणि हिला या नवरा-बायकोने १९५९ पासून कित्येक दशके खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या यांचे फोटो काढले. नेहमी ढगाळ उजेडात, नेहमी समोरून, चौकटीत माणूस नाही. त्यांतल्या कितीतरी वास्तू नंतर पाडल्या गेल्या आणि फोटोच काय ते उरले.

आम्ही त्यांच्याकडून समोरून आणि एकाच कोनातून फोटो घेणे शिकलो. एक गोष्ट मात्र आम्ही वेगळी करतो. प्रत्येक फोटोमागे माणसाचे बोलणे लिहितो. या खात्यात कोण होते, किती साचे चालवत, पगार कितीला होता, कोणत्या खोलीत कुणाचा निकाह झाला, विहीर कुणी खोदली. भिंत बोलत नाही. बोलणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत आणि दर वर्षी त्यांतली दोन-तीन कमी होतात.

कुरआनमध्ये अनेक ठिकाणी जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहायला सांगितले आहे. सूरह अल-हज्जमध्ये तर ओस पडलेल्या विहिरी आणि उंच महाल यांचा उल्लेख येतो, आणि त्याच्या लगेच पुढच्या आयतीत हे येते की आंधळे डोळे होत नाहीत, काळजे होतात. पडक्या भिंतीपुढे उभे राहून नुसता उसासा टाकणे म्हणजे इबरत घेणे नव्हे. आपल्या हाती काय आहे ते पाहून घरी येऊन तेवढे करणे, असे आम्हाला वाटते.

कुणाला आपल्या गावात असे काम करावेसे वाटले तर थोड्या सूचना. मालक, रखवालदार किंवा शेजारी यांची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नका. रस्त्यावरूनही चांगले फोटो येतात. माळवदावर किंवा जुन्या जिन्यावर कधीही चढू नका, वरून साबूत दिसणारी तुळई आतून पोखरलेली असते. लहान मुलांना आत नेऊ नका. साप, विंचू आणि आग्यामोहळ यांना ओस घर आवडते. उभे राहण्याची जागा पक्की करा: विजेचा खांब, नळाचा चबुतरा, असे काहीतरी जे पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तारीख आणि जागा लिहून ठेवा. फोनमधल्या फोटोंवर भरवसा ठेवू नका, वर्षातून एकदा कागदावर छापून घ्या. आतून वस्तू उचलून आणू नका, मग ती गंजलेली कांडी असो की दाराची कडी. कुणी राहत असेल तर त्याच्या गरिबीचा फोटो काढू नका.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मृगाला अजून तीन महिने असतील. ज्यांच्या घरावर माळवद आहे त्यांनी एप्रिलातच गडी सांगून माती टाकून घ्यावी, मे महिन्यात माणूस मिळत नाही. आणि ज्या घरात वडिलांच्या मागे हिस्से लिहायचे राहिले आहेत, तिथे ते आधी लिहून घ्यावेत, बहिणींच्या नावांसकट.